नवे दुखणे जुन्या खात्यावर मांडू नका

कर्करोगाचा उपचार पुरा झाला की माणूस त्यातून सुटला, असे आपल्याकडे सारेच धरून चालतात. नवस फेडले जातात, पाहुणे भेटून जातात, दवाखान्याची फाईल पेटीच्या तळाशी जाते. यात वावगे काही नाही. दोन वर्षे दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्यावर कोणालाही तिचे तोंड बघावेसे वाटत नाही. पण पुढे केव्हातरी अंगात काही नवे दुखू लागले, तर ते डॉक्टरच्या गळी उतरवणे हे एक वेगळेच काम असते, आणि ते कसे करावे हे कोणी शिकवत नाही. मला ते करावे लागले. म्हणून चार घरांच्या उपयोगी पडावे एवढ्यासाठी लिहिते.

मी कुही तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी साडेचार एकर जमीन. निम्म्यात धान, बाकीच्यात कापूस, तूर आणि थोडी मिरची. शिक्षण सातवीपर्यंत. २०१६ साली माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झाले, मग केमोची सलाईने, मग पाच आठवडे शेक. त्या दिवसांत नागभीडची छोटी गाडी सुरू होती. रुंदीकरणासाठी ती २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. तिच्या लाकडी बाकावर बसून, डोक्याला पदर गच्च बांधून मी कितीदा इतवारीला गेले असेन. उपचार झाल्यावर पाच वर्षे रोज एक गोळी होती. तीही २०२१ मध्ये संपली. डॉक्टर म्हणाले, "आता वर्षातून एकदा दाखवत जा." घरी सगळ्यांना हायसे वाटले.

२०२३ च्या जुलैत रोवणी लागली आणि माझी कंबर दुखू लागली. रोवणीत कंबर दुखणे ही काय सांगायची गोष्ट आहे? दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईची कंबर दुखणारच. पण वीस वर्षांच्या रोवणीत मला माझी कंबर ओळखीची झालेली होती. रोवणीचे दुखणे रात्री अंग टाकले की उतरते, सकाळी उठताना धरते, आणि बांधी संपली की आठ-दहा दिवसांत जाते. हे दुखणे उलट होते. दिवसा कामात कसे तरी निभायचे, पण रात्री पाठ टेकली की वाढायचे. दोन-अडीच वाजता जाग यायची ती पहाटेपर्यंत. आणि दुखायचे तेही सगळ्या कमरेत नाही, मणक्यावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी.

चौथ्या-पाचव्या दिवशीच मी जवळच्या डॉक्टरांकडे गेले. ते हसून म्हणाले, "रोवणीच्या दिवसांत कोणाची कंबर दुखत नाही, सांगा बरं बाई?" इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या. दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी एक्स-रे काढायला लावला. फोटो साफ निघाला. "हाडात काही नाही. वजन उचलू नका." तिसऱ्यांदा गेले तेव्हा ऑगस्ट सरत आला होता. मी म्हटले, "डॉक्टरसाहेब, मला सात वर्षांपूर्वी कर्करोग झाला होता." त्यावर ते म्हणाले, "तेच तं डोक्यात बसलं आहे तुमच्या. एकदा तो रोग झाला का माणसाला शिंक आली तरी भीती वाटते." आणि त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली.

मी त्यांना दोष द्यायला बसलेले नाही. रोवणीच्या दिवसांत त्यांच्या दाराशी सकाळपासून रांग असते आणि तीत निम्मी कंबरदुखीच असते. शंभरातल्या नव्व्याण्णव बायांना ते जे सांगतात ते बरोबरच असते. अडचण एवढीच की मी त्या नव्व्याण्णवांतली नव्हते, आणि ते त्यांच्या ध्यानात आणून देणारे माझ्याखेरीज तिथे कोणी नव्हते.

आमची धाकटी जाऊ बारावी शिकलेली आहे. ती म्हणाली, "बाई, तुमी डॉक्टरसमोर गेल्या का अर्ध्या गोष्टी इसरून जाता. मी लिहून देते." तिने पोराच्या वहीतला कागद घेतला आणि त्यावर पाच ओळी लिहिल्या. २०१६ साली कोणता रोग, कोणते ऑपरेशन. दुखणे कोणत्या तारखेला सुरू झाले. कुठे दुखते, रात्री वाढते की दिवसा. कोणत्या गोळ्या घेतल्या, किती दिवस, गुण आला की नाही. आणि शेवटची ओळ अशी : 'हे दुखणे आधी कधी नव्हते आणि वाढत आहे.' पेटीतली जुनी फाईल काढली आणि आम्ही दोघी नागपूरला, जिथे माझा उपचार झाला होता तिथे गेलो.

तिथेही गर्दीच. खिडकीवरच्या माणसाने कार्ड पाहून सांगितले, "तुमची तारीख जानेवारीची आहे." आत एक तरुण डॉक्टर होते, त्यांनी जखमेची जागा आणि काख पाहून "सगळे ठीक आहे" म्हटले आणि पुढच्या बाईचे नाव पुकारले. मी उठले नाही. जावेने कागद पुढे केला. मी म्हटले, "साहेब, एकच विचारते. हे दुखणे त्या रोगाचे नाही, हे आपण कशावरून म्हणता?"

मी हे रागाने विचारले नव्हते. मला खरोखरच जाणून घ्यायचे होते. त्यांनी कागद वाचला, परत वाचला आणि उठून मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणले. मोठ्या डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यांवर एकेक करून बोट दाबले. एका जागी मी ओरडले. त्यांनी तिथल्या तिथे एमआरआय लिहून दिला. ठेवणीतली तूर विकून तो काढला. कमरेच्या दोन मणक्यांत रोग उतरलेला होता.

"एक्स-रे तर साफ होता," मी म्हटले. त्यावर त्यांनी जे सांगितले ते सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. हाडातला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा चुना झिजेपर्यंत साध्या एक्स-रेत डाग दिसतच नाही. म्हणून कर्करोग होऊन गेलेल्या माणसाचे हाड सतत दुखत असेल, तर साफ एक्स-रेवर गोष्ट संपत नाही. एमआरआय किंवा हाडांचा स्कॅन लागतो. मणका खचून आतली मज्जारज्जू दाबली गेली असती तर पाय जाण्याचा धोका होता, असेही ते म्हणाले. वेळेवर आल्यामुळे पाच दिवसांचा शेक, हाडे धरून ठेवणारे सलाईन आणि नव्या गोळ्या यांवर भागले.

आता दुसरी एक गोष्ट, जी मला तोवर ठाऊक नव्हती. वर्षातून एकदा दाखवायला जातो म्हणजे डॉक्टर सारे शरीर शोधून काढतात, असे आपण समजतो. तसे नसते. स्तनाच्या कर्करोगानंतर दरवर्षी उरलेल्या स्तनाचा फोटो काढतात आणि अंग तपासतात. काही त्रास नसताना दरवेळी हाडांचे आणि पोटाचे स्कॅन काढण्याने फायदा होत नाही असे दिसून आल्यामुळे ते काढत नाहीत. म्हणजे रोग हाडात उतरला तर त्याची पहिली बातमी यंत्र देत नाही, आपले अंग देते. आपण "सारे ठीक आहे" म्हटले की तपासणी तिथेच संपते. या रोगाच्या काही जाती पाच वर्षांनीच काय, दहा-पंधरा वर्षांनीही परततात. म्हणून 'आता इतकी वर्षे झाली' हे उत्तर पुरेसे नाही.

मग प्रत्येक शिंकेला नागपूर गाठायचे का? नाही. मला डॉक्टरांनी साधे माप सांगितले आहे : दुखणे नवे आहे का, दोन-तीन आठवडे टिकून आहे का, आणि वाढत आहे का? तिन्हीचे उत्तर 'होय' आले तर जायचे. हाडाचे रात्री वाढणारे दुखणे, न जाणारा खोकला किंवा दम, उजव्या बरगडीखाली दुखून अन्नावरची वासना जाणे, कावीळ, ओकारीसह सतत डोके दुखणे, जखमेच्या जागी किंवा काखेत नवी गाठ, ही ती लक्षणे. पण पायांतली शक्ती कमी होऊ लागली, मांड्या बधिर झाल्या, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर आठवडे मोजायचे नाहीत. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. झटका आला तरी तसेच.

आणि दरवेळी तो रोगच परत आला असतो असेही नाही. कधी उपचाराचाच मागाहून उमटलेला त्रास असतो, आणि तो ओळखला तर औषध सोपे असते. लाल रंगाच्या केमोच्या सलाईनने काहींचे हृदय वर्षांनंतर अशक्त होते. त्यांना दम लागतो, पाय सुजतात. रोजच्या त्या टॅमॉक्सिफेन गोळीवर असताना, पाळी गेल्यानंतर अंगावर रक्त गेले तर लाजू नये, लगेच सांगावे, कारण ती गोळी क्वचित गर्भाशयाच्या अस्तराला बाधते. आपल्या भागात खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग घरोघरी पोचला आहे. अशा माणसाच्या मानेला शेक दिला असेल आणि वर्षा-दोन वर्षांनी तो सुस्त झाला, थंडी वाजू लागली, अंग सुजले, तर त्याला आळशी म्हणू नका. थायरॉईड मंदावलेली असू शकते. एका रक्ततपासणीत ते कळते आणि रोजच्या एका गोळीने माणूस पुन्हा कामाला लागतो. जबड्याला शेक दिलेल्या माणसाने दात काढण्याआधी दातांच्या डॉक्टरांना शेकाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाही तर जबड्याचे हाड सडण्याची भीती असते.

शरद पवारांच्या तोंडाच्या कर्करोगाचे ऑपरेशन २००४ साली झाले. १७ वर्षांनी, एप्रिल २०२१ मध्ये, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीत त्यांच्या तोंडात एक व्रण दिसला आणि तो लगेच काढून टाकला, असे वर्तमानपत्रांत आले होते. म्हटले तर तोंडातला एक छाला. पण ज्याच्या तोंडाला एकदा तो रोग झाला आहे, त्याचा छाला साधा धरायचा नसतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे आपोआप घडते. आपल्याला ते मागून घ्यावे लागते, एवढाच फरक.

हे दुखणे एकट्या आपल्या देशातले नाही. इंग्लंडात जेसिका ब्रॅडी नावाची २७ वर्षांची मुलगी पाच-सहा महिन्यांत वीसपेक्षा जास्त वेळा डॉक्टरांकडे त्रास सांगत राहिली. रोग कळला तेव्हा फार उशीर झाला होता. डिसेंबर २०२० मध्ये ती गेली. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे तिच्या नावाने एक नियम आला : तोच त्रास घेऊन रुग्ण तिसऱ्यांदा आला तर डॉक्टरांनी आपले निदान बाजूला ठेवून नव्याने विचार करावा. हा नियम आपण आपल्या घरी लावून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. एकाच औषधाने तिसऱ्यांदा गुण आला नाही, तर चौथ्यांदा तिथेच न जाता दुसऱ्याचे मत घ्यावे.

त्यासाठी कागद हाती हवेत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत त्याचे कागद द्यावे लागतात. ऑपरेशनचा अहवाल, गाठीचा रिपोर्ट आणि शेक-केमोचा गोषवारा एवढे तीन कागद तरी घरी असावेत. नागपूरला मेडिकल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. महाराजांनाही हाच रोग झाला होता. ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे ऑपरेशन, केमो आणि शेक बसतात. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला भेटावे.

माझ्याबद्दल खरे ते सांगते. हाडात उतरलेला हा रोग मुळासकट जात नाही, हे मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तो दाबून ठेवता येतो, आणि तो दबलेला आहे. रोवणीत मी आता वाकत नाही. धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या जुड्या बांधून देते आणि बायांवर लक्ष ठेवते. पण धुऱ्यापर्यंत मी माझ्या पायांनी चालत जाते. मागच्या वर्षी मुलीचे लग्न झाले, त्यात मांडवभर फिरले. हे दिवस मला त्या वहीच्या कागदाने मिळवून दिले असे मी मानते.

तुमच्या घरी असा रोग होऊन गेलेले कोणी असेल, तर आज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर पेटीतली फाईल वर काढा. तिच्यात एक कोरा कागद ठेवा, आणि काही नवे दुखू लागले तर त्या दिवसाची तारीख त्यावर लिहा. पुढचे बोलणे मग सोपे जाते.