शाळेचा वाटा

आमच्या कोडोलीच्या घरात जोंधळ्याच्या कणगीशेजारी एक गाडगं असायचं. दळण काढताना आजी पहिली मूठ शाळेच्या नावानं त्या गाडग्यात टाकायची आणि मग सूप भरायची. नवी सून म्हणून आली तेव्हाच तिनं ही रीत घरात आणली, असं थोरली काकी सांगायची. आजीचं माहेर कराड तालुक्यातलं. तिकडं कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड चालायचा. बायका जात्यावर बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला ठेवायच्या आणि बोर्डिंगची माणसं येऊन ते घेऊन जायची. कर्मवीरांचा जन्म आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातला, कुंभोजचा. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ साली काढली ती कराड तालुक्यातल्या काले गावी. वसतिगृहातल्या पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आम्ही ओळीनं जेवायला बसलो की आजी ही हकीकत हमखास सांगायची, आणि मग कुणाची ताटात भाकरी टाकायची छाती व्हायची नाही.

आम्ही म्हणजे तीन चुलत्यांची पोरं, एका चुलीवर वाढलेली आणि एकाच शाळेत गेलेली. शाळेला सरकारकडून मास्तरांचे पगार यायचे. बाकीचं, म्हणजे फुटकी कौलं, बाकडी, प्रयोगाच्या काचेच्या नळ्या, गॅदरिंगचा पडदा, हे गावानं बघायचं. आता गावाकडं रोकड पैसा असायचा कुठं? ऊसबिल हातात येण्याआधीच सोसायटीच्या कर्जात वळतं व्हायचं. पैसेच मागितले असते तर निम्म्या गल्लीनं हात जोडले असते. म्हणून हेडमास्तर ज्याच्या घरात जे असेल ते मागायचे. कुणाची बैलगाडी, कुणाचे वासे, कुणाचे चार दिवस.

त्यात आमच्या भागाचं खरं धन म्हणजे गूळ. दिवाळी सरली की मळ्यामळ्यात गुऱ्हाळं लागायची. चुलवाणात चिपाडं धडधडायची, काहिलीत रस उकळायचा, रानभेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढली जायची. आधण उतरायची वेळ फक्त गुळव्याला कळायची, आणि ती येईस्तोवर आम्ही पोरं उसाचं कांडं काकवीत बुडवून चाटत बसायचो. प्रत्येक गुऱ्हाळावर शाळेच्या नावाचा गुळाचा एक रवा आधीच बोललेला असायचा. ज्याचा एवढा ऊस नव्हता तो ढेकूळभर द्यायचा, तेही चालायचं. गाडीतनं गूळ शाळेत यायचा आणि ऑफिसच्या खोलीत रव्यांची थप्पी लागायची. दुपारच्या तासाला भूगोल शिकताना तो वास नाकात बसायचा. मुंग्यांपासून गूळ राखायची पाळी वर्गावर्गाला वाटून दिलेली असायची आणि राखणदारांवरच जास्त नजर ठेवावी लागायची. मग एक दिवस तो गूळ कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौद्याला जायचा.

ज्यानं १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला जागा दिली, त्याच राजानं १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हेडमास्तर हे वर्गात सांगायचे तेव्हा शाहू महाराजांचं चरित्र आणि ऑफिसातली थप्पी यांचं नातं आम्हांला आपोआप कळायचं. पुढं आमच्या भागातल्या सहकारी कारखान्यांनी ऊसबिलातनं टनामागं थोडी कपात शिक्षणासाठी केली. तात्यासाहेब कोरे यांनी आमच्या शिवेलगत वारणानगर उभं केलं, तिथं कारखान्याच्या जोडीनं कॉलेजंही आली. कारखान्याची कपात आणि गुऱ्हाळावरचा रवा, दोन्हींत उसावर शाळेचा हक्क आहे हे एकच मानलेलं होतं. मला तरी वाटतं, रव्यानं तो हक्क आधी घरोघर पटवून ठेवला होता, म्हणूनच पुढं कपात पचली.

खरी कमाई ही आमच्या वाट्याची दुसरी गोष्ट. स्काउटचे मास्तर प्रत्येकाला एक कार्ड द्यायचे. कुणाच्या तरी घरी काम करायचं, मिळेल तो मोबदला घ्यायचा आणि कार्डावर त्या घरधन्याची सही आणायची. अट एकच, स्वतःच्या घरी काम करून पैसे आणायचे नाहीत. त्यामुळं आम्ही शेजाऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढायचो आणि शेजारची पोरं आमच्या सोप्यात बसून बियाण्याच्या शेंगा फोडायची. घरी कामाच्या नावानं पळ काढणारा आमचा मधला भाऊ परक्याच्या दारात इतका मन लावून वैरण फोडायचा की काकी कौतुकानं बघत राहायची. धाकटी आत्या तर मुद्दाम काम काढून ठेवायची. "पोराला नुसता रुपाया दिऊ नगा, त्येला काम सांगा," असं तिचं म्हणणं.

चैत्रात जोतिबाची यात्रा. वाडी रत्नागिरीच्या डोंगराकडं चालत निघालेली माणसं आमच्या भागातनं जायची. एका वर्षी वरच्या वर्गातल्या पोरांनी रस्त्यावर टेबल मांडून शाळेसाठी लिंबू सरबत विकायचं ठरवलं. आजीच्या कानावर गेलं तशी ती काठी टेकत तिथं आली. "सरबत इका की, पर पाण्याचा पैका घ्यायचा न्हाई. देवाच्या वाटंवर पाणी फुकट." मास्तरांनी लगेच मान्य केलं. एका बाजूला पाण्याचा डेरा आणि दुसऱ्या बाजूला सरबताचं भांडं. पाणी पिऊन झालेली माणसं शाळेचं काम आहे म्हटल्यावर सरबतही घ्यायची, आणि सुटे पैसे परत न घेता पुढं जायची.

पण या सगळ्याला आधार होता तो हिशेबाचा. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की हेडमास्तर वही उघडायचे आणि वर्षभरात कुणी काय दिलं ते नावानिशी वाचायचे. गुळाचा रवा, शाळेवर आणलेली कौलांची गाडी, मूठ मूठ साठलेले जोंधळे. आणि मग कशावर किती खर्च झाला तेही. खालच्या आळीची एक मावशी होती, नवरा लवकर गेलेला, रान नाही. ती दरवर्षी वर्गांची भुई सारवून द्यायची. "दोन वर्ग सारवून दिले" ही ओळ हेडमास्तर पाच रवे देणाऱ्याच्या ओळीइतक्याच मोठ्यानं वाचायचे. त्या वेळी बायकांच्या घोळक्यात उभी असलेली मावशी पदर सावरून सरळ उभी राहायची. कुणी शाळेच्या भिंतीवर रेघोट्या मारल्या की आधी ती ओरडायची, मास्तर मागनं.

आता आम्ही भावंडं पुणे, सांगली, इचलकरंजी अशी पांगलो आहोत. गेल्या दिवाळीत सगळे जमलो तेव्हा शाळेच्या दोन खोल्यांचं छप्पर बदलायचा विषय निघाला. पुण्याच्या भावानं सांगितलं की रक्कम फार मोठी नाही, आपण चौघं मिळून देऊन टाकू, दारावर आजीचं नाव घालू. सगळ्यांना ते पटत आलं होतं. थोरल्या आक्कानं अडवलं. "तुमी चौघांनी दिलासा, मग गावाला कोण इचारणार?" तिचं मला मनापासून पटलं. देणगी देणारा सापडला की गावाच्या दारात जायचं कारणच उरत नाही, आणि ज्याच्याकडं कुणी काही मागत नाही त्याचा शाळेवरचा अधिकारही हळूहळू जातो. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दोन तासांत पैसे जमतात, ते जमावेतच. पण ते शेवटी घ्यावेत, घरोघर फिरून झाल्यावर जी तूट उरेल ती भरायला.

तसंच ठरलं. गुऱ्हाळं आता थोडी राहिलीत, म्हणून गूळ, धान्य, रोख, मजुरीचे दिवस, काहीही चालेल असं शाळा व्यवस्थापन समितीला कळवलं आहे. पत्रा चढवायला गल्लीतल्या वेल्डिंगवाल्यानं आपले दोन दिवस बोलले आहेत. पावती त्यालाही द्यायची, आणि वहीत ओळही लिहायची.