वाचनालयाची दुरुस्ती वही

मृगाचा पहिला पाऊस कोसळला की आमच्या गोव्यात दोन गोष्टी ठरलेल्या. शेतात बेडूक ओरडू लागतात आणि वीज जाते. बेडकांचे कोणी मनावर घेत नाही. विजेचेही आता फारसे कोणी घेत नाही. माणसे सवयीने मेणबत्ती शोधतात. ही सवय होत नाही ती संगणकाला. त्यातून तो स्वस्तातला असेल तर त्याचे हाल विचारू नका.

आमच्या वाड्यावरच्या वाचनालयात असे तीन स्वस्त संगणक आहेत. एक रास्पबेरी पाय आणि दोन कमी किमतीचे लॅपटॉप. तिन्ही लिनक्सवर चालतात. मी काही संगणक अभियंता नाही, पण या तिघांच्या आजारपणात उठबस करण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आले आहे. ते मी आनंदाने करतो, कारण पायला जोडलेल्या हार्ड डिस्कवर आमच्या जत्रेत झालेल्या नाटकांच्या संहिता आहेत. जुन्या वह्यांमध्ये हाताने उतरवलेल्या, मागे नटांनी आपापल्या खुणा केलेल्या. काही वह्या वाळवीने खाल्ल्या, काहींची पाने दमट हवेने एकमेकांना चिकटली. उरल्या त्या आम्ही पानापानाने स्कॅन करून ठेवल्या. तालमीच्या दिवसांत मुले येतात, लॅपटॉपवर संहिता उघडतात आणि आपली नक्कल उतरवून घेतात. संगणक बंद पडला की ही मुले परत जातात. दोनचारदा परत गेली की मग येतच नाहीत.

मध्यंतरी समितीच्या बैठकीत तिन्ही संगणक मोडीत काढावेत असा विषय निघाला होता. एका ज्येष्ठ सभासदांनी सरळ सांगितले, "हें आमचें काम न्हय." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. त्या महिन्यात तीनपैकी दोन यंत्रे निपचित पडली होती.

रास्पबेरी पाय म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो. बँकेच्या एटीएम कार्डाएवढ्या एका पट्टीवर बसवलेला हा पूर्ण संगणक. इंग्लंडमधील केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून तो तयार केला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला तेव्हा किंमत होती ३५ डॉलर. स्वस्त लिनक्स यंत्र मुलांच्या हाती देण्याची कल्पना त्याआधीचीही आहे. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहानशा गावच्या शाळेत आले होते. त्याच वर्षी आसूसचा सात इंची पडद्याचा ईईई पीसी लिनक्ससह बाजारात आला. म्हणजे स्वस्त यंत्र मिळवण्याचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. प्रश्न आहे तो यंत्र घरी आल्यानंतरचा.

आमच्या पायचे पहिले दुखणे असे. मध्येच अडखळायचा, मध्येच आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचे एक चिन्ह चमकून जायचे. बहुतेकांना वाटले, व्हायरस शिरला. ते चिन्ह प्रत्यक्षात सांगत होते की मला पुरेशी वीज मिळत नाही. वाचनालयात पाय ३ आहे. त्याला ५.१ व्होल्टचा, अडीच अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो आणि दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो तक्रार करतो. आमच्याकडे त्याला कोणाच्या तरी मोबाइलचा चार्जर आणि एक लांबलचक बारीक वायर लावलेली होती. आता हिशेब करा. वायरीच्या जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा रोध मिळून ०.३ ओहम आणि प्रवाह २ अँपिअर धरला तर वाटेतच ०.६ व्होल्ट खर्च होतात. ५.१ मधून निघालेली वीज ४.५ होऊन पोहोचते. चार्जर चांगला असूनही यंत्र उपाशी! जाड आणि आखूड वायर आणली आणि हे दुखणे संपले.

पण खरी गंमत निदानाची आहे. 'व्हीसीजेनकमांड गेट थ्रॉटल्ड' अशी एक आज्ञा दिली की पाय एक आकडा सांगतो. आमचा आकडा होता ५०००५. यातला शेवटचा ५ म्हणजे आत्ता या क्षणी वीज कमी आहे आणि त्यामुळे यंत्राने आपला वेग आवरला आहे. पुढचा ५ म्हणजे चालू केल्यापासून आधीही असे घडून गेले आहे. वायर बदलून पुन्हा सुरू केल्यावर नुसते शून्य आले. कधी ५०००० येते. तेव्हा समजावे की सध्या ठीक आहे, पण मघाशी चक्कर येऊन गेली होती. आमच्या आजीला नाडी दाखवली की ती "काल ताप होता ना रे?" म्हणून विचारायची. त्यातलाच हा प्रकार.

दुसरे दुखणे कार्डाचे. पायमध्ये नेहमीची हार्ड डिस्क नसते. मोबाइलमध्ये घालतो तसल्या नखाएवढ्या कार्डावर सगळा कारभार असतो. लिहिणे चालू असताना वीज गेली की कार्डावरची नोंद अर्धवट राहते. असे वारंवार झाले की एक दिवस लिनक्स ते कार्ड फक्त वाचण्यापुरते उघडतो, लिहू देत नाही. लोक याला बिघाड म्हणतात. खरे तर जखमेवर आणखी हात लागू नये म्हणून त्याने घेतलेली ती काळजी असते. अशा वेळी कार्ड काढून दुसऱ्या लिनक्स यंत्रात घालायचे आणि 'एफएससीके' ही तपासणी चालवायची. बहुतेक वेळा कार्ड सावरते. सावरले नाही तर ते गेले असे समजावे.

म्हणून आम्ही तीन नियम केले. संहिता कार्डावर ठेवायच्या नाहीत. त्या वेगळी वीज असलेल्या हार्ड डिस्कवर, आणि त्यांची एक प्रत दुसऱ्याच्या घरी. चालू स्थितीतल्या कार्डाची हुबेहूब नक्कल करून एक कार्ड कपाटात तयार ठेवायचे. आणि पायच्या मांडणीत 'ओव्हरले' नावाची सोय असते ती चालू करायची. मग रोजचे बदल कार्डावर न जाता नुसते स्मरणात राहतात आणि वीज गेली की पुसले जातात. कार्ड जसेच्या तसे राहते. नवे कार्ड विकत आणले की 'एफ ३' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ते आधी काठोकाठ भरून पाहतो. एका दुकानातून आणलेले ६४ जीबीचे कार्ड आत जेमतेम ८ जीबीचे निघाले होते. वर छापलेला आकडा मात्र अगदी ठळक!

तिसरे दुखणे घड्याळाचे. पाय ४ पर्यंतच्या पायांमध्ये बंद असताना चालणारे घड्याळ नाही. २०२३ साली आलेल्या पाय ५ मध्ये ते आहे, पण त्याचीही बॅटरी वेगळी घ्यावी लागते. आमचा पाय ३ वेळ विचारतो इंटरनेटला. पावसात वीज येते, पण इंटरनेट दोन दोन दिवस येत नाही. मग हा बिचारा बंद पडतानाची शेवटची नोंदलेली वेळ धरून बसतो. चतुर्थी होऊन गेली तरी याची अजून नागपंचमीच! नंतर इंटरनेट आले आणि घड्याळ जुळण्याआधीच कोणी संकेतस्थळ उघडले, तर तिथले प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे सांगून तो दार लावून घेतो. तिथे इंटरनेटवाल्याला फोन करून उपयोग नसतो. आधी तारीख पाहायची. आम्ही 'डीएस ३२३१' नावाची घड्याळाची एक लहानशी पट्टी गोल बॅटरीसह बसवली. तेव्हापासून पंचांग बिघडलेले नाही.

लॅपटॉपची कथा वेगळी. दोनपैकी एक लॅपटॉप वायफायला फक्त राउटरच्या शेजारी बसूनच चालायचा. दोन हात लांब नेला की गेला. सगळ्यांनी दोष दिला तो वाचनालयाच्या चिऱ्यांच्या जाड भिंतींना. पण दुसरा लॅपटॉप त्याच भिंतीआड उत्तम चालत होता. आमच्याकडे येणाऱ्या बारावीच्या एका मुलाने हा मुद्दा धरला. त्याने लिनक्सची नोंदवही उघडली. 'डीमेसग' म्हटले की यंत्र सुरू झाल्यापासून आत काय काय घडले ते ओळीने दिसते. त्यातून वायफायच्या चिपचे नाव मिळाले, आणि नाव मिळाल्यावर रोग मिळाला. या चिपला अँटेना जोडायच्या दोन जागा असतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये पैसे वाचवायला अँटेना एकच जोडतात. ती कुठल्या जागी जोडली आहे याची नोंद चिपमध्ये चुकीची असली, तर लिनक्स रिकाम्या जागीच कान लावून बसतो. ड्रायव्हरला 'अँट सेल' या नावाने १ किंवा २ असा एक आकडा सांगितला की काम झाले. आकडा बदलला, आणि उणे ८५ वर रखडलेला सिग्नल उणे ५० च्या आसपास आला. मुलगा म्हणाला, "हाका कान दोन, पूण आयकता एकाच कानान."

हे वाक्य मी तसेच वहीत लिहून ठेवले.

हो, वही. वाचनालयात आम्ही एक साधी रेघांची वही ठेवली आहे. वर नाव 'दुरुस्ती वही'. तारीख, यंत्र, काय झाले, काय पाहिले, काय केले, असे पाच रकाने. अट एकच, नोंद मराठीत करायची, कोकणी शब्द आले तरी चालतील. लिनक्सची एक मोठी भलाई अशी की तो आपले दुखणे लपवत नाही. कुठे ठेच लागली ते लिहून ठेवतो. पण तो लिहितो इंग्रजीत, आणि त्यावरचे उपायही बहुतेक इंग्रजीतच. आमची मुले मराठी प्राथमिक शाळेतून आलेली. ती इंग्रजी सूचना पाहून एखादी ओळ उतरवतात, यंत्र चालते, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. 'वायर बारीक होती म्हणून वीज वाटेत संपली' असे स्वतःच्या शब्दांत एकदा लिहिले की मात्र ते डोक्यात बसते. मग तोच मुलगा घरच्या पंपाचीही वायर तपासू लागतो.

भाषेचे दुखणे तर थेट यंत्रातही आहे. नव्याने बसवलेल्या लिनक्सवर कधी कधी मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. तिथे रेड हॅटने सर्वांसाठी खुला केलेला 'लोहित देवनागरी' टंक बसवला की भागते. पण एक दुखणे याहून सूक्ष्म होते. यादीत 'वाऱ्यावरची वरात' शोधले की सापडायचे नाही, आणि पुस्तक तर समोर कपाटात! 'वाऱ्या'मधला आपला खास मराठी अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला वेगळा ऱ वापरतात, दुसरीत साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. यादी करणाऱ्या दोघांनी दोन कळफलक वापरले होते. सगळी यादी एका रीतीत आणली तेव्हा 'वाऱ्या', 'दऱ्या' आणि किनाऱ्यावरची कितीतरी पुस्तके परत सापडली. हा बिघाड इंग्रजीतल्या कुठल्याच सूचनांत आम्हाला मिळाला नाही. मिळणार कसा? तो आमचाच होता, आम्हीच शोधायचा होता.

समितीच्या पुढच्या बैठकीत ही वही मी टेबलावर ठेवली. भाषण केले नाही. त्या ज्येष्ठ सभासदांनी चष्मा लावून पाने उलटली. मुलांची अक्षरे ओळखली, शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या आणि मोडीत काढण्याचा विषय वर्षभर पुढे ढकलला. रद्द केला नाही. तसा तो करायलाही नको, कारण यंत्रे म्हातारी होत आहेत आणि वर्षभरात वही किती पुढे जाते यावरच त्यांचे ठरायला हवे.

जाता जाता एक विनंती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. नवी विंडोज न पेलणारे कितीतरी लॅपटॉप घरोघरी कपाटात जाऊन पडले आहेत. भंगारात देण्याआधी एखाद्या पेनड्राइव्हवर लिनक्स घालून तिथूनच तो चालवून पाहा. आतल्या कशालाही हात लागत नाही. आवाज, वायफाय, पडदा, कळफलक चालतात का ते बघा. स्मरण दोनच जीबी असेल तर 'झेडरॅम' चालू करा. जागा आवळून तेवढ्यातच थोडे अधिक मावते. चालला तर आपल्या गावच्या वाचनालयाला किंवा शाळेला विचारा. आणि देताना सोबत एक कोरी वहीही द्या.