‘जालना’ या शब्दांत अक्षरें किती?

आमच्या लहानपणीं जालन्याहून मुंबईस जावयाचें तर मनमाडास गाडी बदलावी लागे. इकडचा रूळ एक मीटर रुंदीचा, मनमाडापुढें तो १.६७६ मीटरचा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इकडचाही रूळ रुंद झाला. तो सर्वांस हवाच होता. परंतु जुने डबे त्यावर चालतना. संगणकाच्या कामांत असाच एक प्रसंग आमच्यावर आला, तो येथें सांगावयाचा आहे.

जिल्ह्यांतील एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारा जुना प्रोग्रॅम नवा करून देण्याचें आम्ही पत्करलें. तो पायथॉन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तींत लिहिलेला होता. तिसरी आवृत्ति २००८ च्या डिसेंबरांत निघाली, आणि १ जानेवारी २०२० पासून दुसरीची डागडुजी तिच्या कर्त्यांनीं बंद केली. अकरा वर्षांची मुदत थोडी नव्हे. पण माळवद गळूं लागल्यावांचून त्यावर माती कोण टाकतो?

कांहीं बदल आरडाओरड करून समोर येतात. ‘प्रिंट’ या आज्ञेस पूर्वीं कंस लागत नसे, आतां लागतो; तो न दिल्यास प्रोग्रॅम ओळीचा आंकडा सांगून अडून बसतो. असलीं भांडखोर वैगुण्यें आम्हांस आवडतात. भय वाटतें तें मुकाट्यानें बदलणाऱ्या गोष्टींचें. ७ ला २ नें भागा म्हटलें तर जुनी आवृत्ति ३ म्हणे, नवी ३.५ म्हणते; तक्रार दोघींचीही नाहीं.

‘जालना’ या साध्या शब्दाची लांबी विचारली, तर जुनी १५ सांगे आणि नवी ५ सांगते. बालवाचक म्हणतील, अक्षरें तर तीनच! आणि तेंही खरेंच. डोळ्यांस जा, ल, ना दिसतात. युनिकोड या संकेतांत ज, काना, ल, न, काना अशीं पांच चिन्हें होतात. संगणकाच्या कोठारांतील लहानशा कप्प्यास बाइट म्हणतात. नेहमींच्या यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरी चिन्हास असे तीन कप्पे लागतात, म्हणून पंधरा. रोमन अक्षरास मात्र एकच पुरतो.

आमची फसगत येथेंच झाली. जुन्या यादींत नांवासाठीं साठ बाइट राखून पुढें जन्मतारीख लिहिलेली होती. नवा प्रोग्रॅम साठ बाइटांऐवजीं साठ चिन्हें मोजी, आणि नांवाच्या रकान्यांत तारीखही ओढून घेई. आम्ही परीक्षा घेतली ती रोमन अक्षरांतील नांवांवर! तेथें दोन्ही मोजमापें सारखींच. सर्व कांहीं ठीक दिसलें.

पुढें एक वृद्ध बाई निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठीं शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आल्या. छापून निघालेल्या दाखल्यांत जन्मतारखेची जागा कोरी. त्यांनीं तो कागद दोनदां उलटून पाहिला आणि म्हणाल्या, “मग लेकरा, मी जन्मलेंच नाहीं का?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मग जुन्या यादीस हात न लावतां, ती आधीं बाइटांनींच तोडून नंतर अक्षरांत उलगडावी, असा दुवा आम्ही मध्यें बसविला. जुना आणि नवा प्रोग्रॅम शेजारीं शेजारीं चालवून प्रत्येक नोंदीची ओळ ताडून पाहिली. त्यास चार दिवस लागले. बाईंचा दाखला मात्र कारकुनांनीं हस्तलिखित रजिस्टर काढून त्याच दुपारीं हातानें लिहून दिला होता.