चितारआळींतील वाण

सावंतवाडीस मोतीतलावाच्या कांठीं उतरलेला प्रवासी चितारआळींत डोकावल्यावांचून सहसा परतत नाहीं. संक्रांतीच्या हळदीकुंकवास काय लुटावें आणि बोरन्हाणास जमलेल्या बालगोपाळांच्या हातीं काय द्यावें, ही विवंचना ज्या गृहिणीस असेल तिनें तर येथें अवश्य यावें. थोराड मुलांस भोंवरा उत्तम. तान्ह्यास मात्र मुठींत न मावणारें लांकडी फळ द्यावें. पांगाऱ्याचें लांकूड वजनास हलकें असतें. रंग ओल्या बोटानें चोळून पाहावा; बाळ तें तोंडांत घालणारच! सुवासिनींस कुंकवाचा चिमुकला करंडा पुरे.

दशावतारी गंजिफा ही लुटण्याची वस्तु नव्हे. दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, अशीं 120 वाटोळीं पानें हातानें रंगवावयाचीं; सत्त्वशीलादेवी भोंसले यांनीं ही मावळती कला राजवाड्यांत पुन्हा जगविली. ती डोळे भरून पाहावी, ऐपत असल्यास घ्यावी.

पंचवीस नग घेतों म्हणून निम्म्या भावाचा हट्ट धरणाऱ्या भगिनी येथें भेटतात. यंत्राच्या प्लॅस्टिकशीं हा कारागीर आधींच झुंजतो आहे. करंडा लहान निवडावा, पण त्याची मजुरी कापूं नये. आणि निघतांना दोन भोंवरे अधिक घ्यावे. ऐन वेळीं शेजारचीं मुलें येतातच.