यंत्र श्वास देतं, पहारा आपणच द्यायचा

कोडोलीहून कोल्हापूरला गंभीर रुग्ण नेताना पोर्टेबल व्हेंटिलेटर वापरण्यात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या मी इथं लिहितो आहे. यंत्राचा त्यात काहीच दोष नव्हता. नव्यानं या कामात येणारे डॉक्टर त्याच चुका करताना दिसतात, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

महाराष्ट्रात 2014 साली 108 सेवा सुरू झाली, तेव्हा 937 रुग्णवाहिकांपैकी 233 प्रगत जीवरक्षक प्रणालीच्या, म्हणजे व्हेंटिलेटर असलेल्या होत्या. आज खासगी गाड्यांतही हे यंत्र दिसतं. यंत्र पोचलं, पण ते धावत्या गाडीत कसं सांभाळायचं हे आमच्यापैकी बरेच जण रस्त्यावरच शिकलो. आमचा रस्ता वारणानगरवरून वाठारला महामार्गाला लागतो आणि शिरोलीवरून पंचगंगा ओलांडतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमुळे तो कधी तुंबेल, सांगता येत नाही.

अशाच हंगामाच्या सुरुवातीला पालात जमिनीवर झोपलेल्या एका ऊसतोड मजुराला मण्यार चावली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळा आल्या, मग पापण्या मिटायला लागल्या, गिळता येईना. प्रतिसर्पविष सुरू झालं होतं, पण मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा त्यानं लगेच भरून येत नाही. ती भरून येईपर्यंत, कधी कधी काही दिवस, रुग्णाला श्वास बाहेरून द्यावा लागतो. नळी घातली, यंत्र जोडलं आणि आम्ही निघालो.

मी ऑक्सिजन शंभर टक्क्यांवर ठेवला. सिलिंडर बी टाईपचा, 10 लिटर क्षमतेचा. काटा 50 वर होता, म्हणजे आत जेमतेम 500 लिटर ऑक्सिजन. एका श्वासाला 450 मिलिलिटर, मिनिटाला 14 श्वास, म्हणजे मिनिटाला सव्वासहा लिटरच्या वर. शिवाय यंत्र चालायला लागतो तो वेगळा. हा हिशेब निघण्याआधी करायचा असतो. मी काटा लाल पट्ट्याच्या वर आहे एवढंच पाहिलं. गाडीतला मोठा सिलिंडर भरलेला असेल, हेही गृहीत धरलं.

वाठारच्या अलीकडं ट्रॉल्यांच्या रांगेत आम्ही अडकलो. रांग हलेना आणि शेवटी दाब कमी झाल्याचा अलार्म वाजला. मोठा सिलिंडर रिकामा निघाला. मी यंत्र काढलं आणि कोल्हापूरपर्यंत हातानं अँबू बॅग दाबत राहिलो, तीही साध्या हवेवर. मॉनिटरवरचा ऑक्सिजन घसरला नाही. तेव्हा माझी खरी चूक माझ्या लक्षात आली. या माणसाची फुप्फुसं निरोगी होती, लुळे पडले होते ते स्नायू. त्याला श्वास हवा होता, शंभर टक्के ऑक्सिजन नव्हे. यंत्रावर हवा मिसळण्याची सोय होती. ती वापरली असती तर तोच सिलिंडर कितीतरी जास्त वेळ पुरला असता.

दुसरी चूक मला जास्त छळते. त्याच्या डोक्याशी बसून मी चालकाला म्हणालो होतो, ‘याचं काही खरं नाही.’ मण्यारीच्या विषानं शरीर लुळं पडतं, डोळे उघडत नाहीत, बाहुल्याही प्रतिसाद देईनाशा होऊ शकतात. पण माणूस आतून जागा असू शकतो. तो बरा झाल्यावर भेटला, तेव्हा माझं वाक्य त्यानं शब्दशः सांगितलं. मी त्याची माफी मागितली. तेव्हापासून नळीवरच्या प्रत्येक रुग्णाशी मी बोलतो. कुठं चाललो आहोत, आता काय करणार आहे, हे सांगतो आणि गुंगीचं औषध विसरत नाही.

तिसरी चूक दम्याच्या एका आजींबाबत. त्यांचा श्वास अपुरा वाटला म्हणून मी यंत्राचा वेग वाढवला. दम्यात हवा आत सहज जाते, बाहेर यायला वेळ घेते. बाहेर यायच्या आतच पुढचा श्वास जात राहिला, छाती फुगत गेली, रक्तदाब कोसळला. जास्त दाबाचा अलार्म ओरडत होता. मी तो बंद केला आणि सलाईन वाढवली. फोनवर वरिष्ठांनी विचारलं, ‘नळी यंत्रापासून सोडवलीस का?’ सोडवली, तशी अडकलेली हवा बाहेर पडली आणि रक्तदाब वर आला. अशा रुग्णाला मिनिटाला दहाच्या आसपासच श्वास द्यायचे आणि उच्छ्वासाला भरपूर अवधी ठेवायचा.

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्योर्न इब्सेन यांच्या सल्ल्यावरून सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं पिशव्या दाबून रुग्णांना श्वास दिला. त्या प्रत्येक रुग्णाशेजारी त्याची छाती पाहणारं कोणीतरी बसलेलं होतं. यंत्रामुळं आपले हात मोकळे झाले, ती बसण्याची जबाबदारी सुटली नाही.

तरुण डॉक्टरांना माझी विनंती आहे. निघण्याआधी ऑक्सिजनचा हिशेब कागदावर करा आणि दुप्पट वेळेचा साठा घ्या. श्वासाचं माप अंदाजे वजनावरून नको, उंचीवरून काढा. अँबू बॅग हाताशी ठेवा. काही बिघडलं तर आधी यंत्र सोडवून हातानं श्वास द्या, मग नळी सरकली का, तुंबली का, फुप्फुसाबाहेर हवा साठली का, ते शोधा. आणि कारण सापडल्याशिवाय कोणताही अलार्म बंद करू नका.