ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

टेक्सासमधला माझा मुलगा ‘फिफ्थ व्हील’ घेतोय, म्हणजे पिकअप ट्रकने ओढायचं चाकांवरचं घर. प्रवासातही सूर्यास्ताआधी घरचं जेवण, म्हणून सूनबाई खूश.

हा ट्रेलर ट्रकच्या मागच्या हुकाला नाही, हौद्यात, मागच्या चाकांच्या आसावर जोडतात. त्यामुळे त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो. भरलेला ट्रेलर 12,000 पौंडांचा, म्हणजे 2,400 पौंड. मुलगा म्हणतो, “आई, आपला ट्रक 13,000 ओढतो.” ओढत असेल! मी त्याला ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचायला लावलं. तिथे 1,700 पौंड. त्यातच चार माणसं, सामान आणि ती लोखंडी जोडणीसुद्धा. बी.कॉम.चं शिक्षण असं कुठेही उपयोगी पडतं बाई!

एक टनी, मागे चार चाकांचा ट्रक महाग. टायर सहा, पार्किंगची कटकट वेगळीच. तरी हाच ट्रेलर हवा असेल तर ट्रक मोठाच घ्या, असं मी स्पष्ट सांगितलं. मागच्या सीटवर माझ्या दोन नाती बसणार आहेत.

सूनबाई म्हणते, ट्रेलरच छोटा घेऊ. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याचा हिशेब मांडायचाय.