कापलेली पट्टी

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय रक्तदाबाची गोळी मिळत नाही, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी जर्मनीत कळले. तसा कायदा आपल्याकडेही आहे, आणि तो चांगला १९४५ सालच्या औषध नियमांपासून आहे. परंतु आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांना तो कायदा आणि आमची आई या दोघांपैकी एकीला निवडायचे होते, आणि त्यांनी आईला निवडले होते. आई दुकानाच्या पायरीखालूनच म्हणायची, "ती माझी दाबाची, पांढरी." काका मागे वळायचे, पट्टी काढायचे आणि विचारायचे, "किती देऊ?" आई म्हणायची, "सहा दे. डॉक्टर बदलतील नाहीतर." मग कात्री चालायची. खरपूस भाकरी मोडल्यासारखा त्या चंदेरी कागदाचा आवाज मी नऊ वर्षे ऐकत आलो आहे.

मे २०२३ मध्ये आई आणि मी बहिणीकडे जर्मनीला निघालो. ती हायडेलबर्गजवळच्या एका लहान गावात राहते. आईचे वय एकाहत्तर आणि विमानप्रवास पहिलाच. माझाही एक हेतू होता. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंटर सोंथायमर यांनी खंडोबाचा आणि धनगरांचा अभ्यास केला, ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी असे मला फार दिवस वाटत होते. आईला खंडोबापेक्षा नातीची ओढ अधिक. तिने हातातल्या पिशवीत डिंकाचे लाडू आणि चकल्या भरल्या. दोन महिन्यांच्या गोळ्या, डॉक्टरांचे कागद आणि चष्म्याची दुसरी जोडी मोठ्या बॅगेत ठेवली. "लाडू फुटतील, गोळ्या काय फुटतात?" हा तिचा युक्तिवाद बिनतोड होता. शनिवारी संध्याकाळी आम्ही फ्रँकफुर्टला उतरलो. लाडू सुखरूप होते. बॅग आली नाही.

विमान कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीने फॉर्म भरून घेतला आणि दोन-तीन दिवसांत बॅग घरपोच येईल म्हणून सांगितले. आईच्या पर्समध्ये दोन गोळ्यांचा एक कापलेला तुकडा होता. त्यातली एक तिने विमानात घेतली होती, दुसरी रविवारी सकाळी घेतली. सोमवारी दुकाने उघडतील, बघू, असे मी मनाशी म्हटले. पण तो सोमवार पेन्टेकॉस्टच्या सणाचा, २९ मे, सगळ्या देशाला सुट्टी. आणि आईने आपल्या गोळ्या संपल्याचे कोणाला सांगितलेच नाही. पाहुणी म्हणून गेल्यावर मुलीच्या घरी आल्या आल्या दुखणे काढायचे नाही, ही तिची जुनी रीत.

सोमवारी दुपारी जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसली. "काही नाही, जरा धडधडतंय," म्हणाली. मी नाडी धरली. ठोके शंभराच्या वर होते. तेव्हा कुठे गोळीची गोष्ट बाहेर आली. ही गोळी एकदम बंद करायची नाही, असे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. ती एकाएकी थांबवली की हृदय लगाम सुटल्यासारखे धावू लागते आणि दाब उसळून वर येतो. मला ते त्या पायरीशी उभे असताना आठवले.

मेहुण्यांनी गाडी काढली. गावातल्या औषधांच्या दुकानाबाहेर तो मोठा लाल 'ए' होता, त्यात पेला आणि साप. पण दार बंद. तिथे 'आपोटेके' म्हणजे औषधाचे दुकान. बंद दुकानाच्या दारावर त्या दिवशी कोणते दुकान उघडे आहे त्याचा कागद लावलेला असतो. त्यावरून आम्ही शेजारच्या गावी गेलो. तिथेही दार बंदच, पण घंटा होती. ती वाजवल्यावर दारातली एक छोटी खिडकी उघडली आणि चष्मा लावलेल्या एका बाईंचा चेहरा दिसला.

"रेझेप्ट?" त्यांनी विचारले. म्हणजे चिठ्ठी.

बहिणीने परिस्थिती सांगितली. बाईंनी औषधाचे नाव विचारले. मी आईच्या पर्समधून तो रिकामा तुकडा काढला (आई कधीही काही टाकत नाही, हे त्या दिवशी प्रथमच उपयोगी पडले) आणि खिडकीतून आत दिला. त्यावर नावाची शेपटी तेवढी उरली होती: एक 'एल', आणि पुढे ५०. किंमत मात्र शाबूत होती. नावाचे धड कात्रीने दुसऱ्या कोणाच्या तरी घरी गेले होते.

"दाबाची आहे. पांढरी, गोल," मी म्हणालो. बहिणीने ते भाषांतरित करण्यापूर्वी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. वीस वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे की शब्द नेमका वापरा.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दार उघडले, आईला खुर्चीवर बसवले आणि दाब पाहिला. वरचा आकडा १७० होता. पण गोळी द्यायला त्या तयार होईनात. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय देता येत नाही, आणि नाव कळल्याशिवाय डॉक्टर तरी काय लिहिणार? मला राग आला. समोरच्या कपाटात गोळ्या असतील, माझी आई खुर्चीवर बसली आहे, आणि ही बाई कागद मागते! आमचे काका असते तर, असे मी मनात म्हटले, आणि मग त्याच काकांना फोन लावला. आमच्याकडे तीन वाजले होते, त्यांच्याकडे साडेसहा.

"सर, दोन मिनिटं," काका म्हणाले, आणि दोन मिनिटांत पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो आला. बाईंनी फोन हातात घेऊन अक्षरे मोठी केली. "आ, मेटोप्रोलोल सक्सिनेट," त्या म्हणाल्या आणि आपल्या कपाटातली पेटी आणून दाखवली. तीवर ४७.५ मिलिग्रॅम छापले होते.

"आमची ५० ची आहे," मी म्हणालो. अडीच मिलिग्रॅमचा फरक मला त्या क्षणी पर्वताएवढा वाटला. बाईंनी काही न बोलता फोटोवर बोट ठेवले. आमच्याच पट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते: मेटोप्रोलोल सक्सिनेट ४७.५ मिलिग्रॅम, म्हणजे मेटोप्रोलोल टार्ट्रेट ५० मिलिग्रॅमच्या तोलाचे. एकच औषध दोन वेगळ्या क्षारांत बांधलेले, म्हणून वजन वेगळे. आम्ही मोठा आकडा वाचत होतो, ते बारीक अक्षरांचे मोजत होते. नऊ वर्षे ती ओळ आमच्या घरात होती.

मग त्यांनी आईला प्रश्न विचारले. दमा आहे का? मधुमेह? आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत? दम्याच्या माणसाला ही गोळी जपून द्यावी लागते, असे बहिणीने मला सांगितले. आईला दमा नाही. पण काकांनी हे कधी विचारले होते का, असे मी आठवू लागलो आणि माझा राग जरा खाली बसला.

तिथून ११६११७ या क्रमांकावर फोन करून सुट्टीच्या दिवशीचे डॉक्टर कुठे बसतात ते कळले. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, काळजीचे कारण नाही म्हणाले, आणि निळ्या कागदावर चिठ्ठी लिहून दिली. पुन्हा ती घंटा, पुन्हा ती खिडकी. गोळ्यांच्या किमतीवर सुट्टीच्या दिवशीचे म्हणून अडीच युरो जास्त लागले. आईने ते ऐकून "घंटा वाजवल्याचे?" असे विचारले. गोळी घेतली, आणि रात्री झोपण्यापूर्वी नाडी ऐंशीवर आली. मी मात्र पहाटेपर्यंत दर तासाला उठून तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहत होतो.

त्या जागरणात मी तो फोटो वाचत बसलो. आपल्याकडे मुलीला माहेरचे एक नाव, सासरचे दुसरे, आणि मुले झाल्यावर तिसरेच. औषधांचेही तसेच आहे. कंपनीगणिक सासरचे नाव बदलते, पण माहेरचे नाव एकच राहते, आणि परदेशात ओळख पटते ती माहेरच्या नावाने. ही नावे जगभर एक असावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये काम हाती घेतले आणि १९५३ मध्ये पहिली यादी काढली. त्यांना प्रत्ययही आहेत! 'ओलोल'ने संपणारी नावे हृदयाला लगाम घालणाऱ्या कुळातली, 'सार्टान'ने संपणारी दाबाच्या दुसऱ्या कुळातली. अमेरिकेने मात्र इथेही आपले घोडे वेगळे ठेवले आहे. आपले पॅरासिटामोल तिथे ॲसिटामिनोफेन होते, आणि दम्याचे साल्ब्युटामॉल आल्ब्युटेरॉल. तिथे जाणाऱ्याने दोन्ही नावे लिहून न्यावीत.

बुधवारी बॅग आली. पुढच्या आठवड्यात आम्ही हायडेलबर्गच्या किल्ल्यात गेलो. तिथे १९५७ पासून औषधांच्या दुकानांचे एक संग्रहालय आहे. युरोपात वैद्य आणि औषधविक्रेता यांची फारकत तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने केली. आपल्याकडे ज्ञानेश्वरी झाली तेच शतक. वैद्याने लिहावे, दुसऱ्याने द्यावे, आणि दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी. आई मात्र लाकडी फळ्यांवरच्या जुन्या बरण्या पाहत उभी होती. प्रत्येकीवर लॅटिन नाव रंगवलेले.

"माझ्या मसाल्याच्या डब्यावर कधी नावं नव्हती," ती म्हणाली, "आणि मिठाच्या जागी साखर कधी पडली नाही." मग थोडे थांबून, "तुझ्या हातून एकदा पडली होती."

परत आल्यावर पंधरा दिवसांनी मी तिच्याबरोबर काकांच्या दुकानात गेलो. या वेळी तिने डॉक्टरांची चिठ्ठी नेली होती. काकांनी ती न पाहताच पट्टी काढली आणि कात्री उचलली.

"नावाकडून कापू नको," आई म्हणाली. "नाव माझ्याकडे राहू दे."

"मग उरलेली बिननावाची कोणाला देऊ, आजी?"

आईने त्या पट्टीकडे क्षणभर पाहिले आणि पर्समधून आणखी पैसे काढले. "अख्खी दे," ती म्हणाली.